झाडपाल्याचेच आहे, मग?

उच्छेळी-दांडीच्या मच्छीमार वस्तीत काय किंवा बोईसरच्या नव्या इमारतींत काय, बाळंतिणीच्या उशाशी शतावरी कल्पाचा डबा असतोच. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पण २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत हार्मोनच्या गोळ्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला आणि पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रिया ‘नैसर्गिक’ पर्यायाकडे वळल्या. आता सोयाबीन-शतावरीच्या अर्काच्या गोळ्या ‘झाडपाल्याचे आहे, अपाय नाही’ असा दिलासा देऊन खपवल्या जातात. मला हा दिलासा पटत नाही.

झाडपाला काय करू शकतो, ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळांना १९४० च्या दशकात कळले. क्लोव्हरच्या चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. चाऱ्यातले द्रव्य त्यांच्या पोटात असे रूप घेई, की शरीर त्यालाच इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक समजे. सोयाबीनमधले जेनिस्टीन त्याच कुळातले.

याची परीक्षा कशी घेतात? १९७० मध्ये अमेरिकेत स्तनाचा कर्करोग झालेल्या एका स्त्रीच्या शरीरातून घेतलेल्या पेशी आजही जगभर प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. इस्ट्रोजेन मिळाले की त्या भराभर वाढतात. अर्क घालून वाढल्या, तर संशय घ्यायचा. इस्ट्रोजेनला अडवणारे औषध घालताच वाढ थांबली, तर तो पक्का. गंमत अशी, की या पेशींच्या पोषकद्रवातला लाल रंगच इस्ट्रोजेनची नक्कल करतो, हे १९८६ मध्ये उघड झाले! मग तो रंग वगळावा लागला. पुढची पायरी उंदरांची. वयात न आलेल्या माद्यांना द्रव्य देऊन गर्भाशयाचे वजन वाढते का, ते पाहतात.

बशीत ‘होय’ आले म्हणजे बाईतही ‘होय’ असे मात्र नाही. जेनिस्टीन इस्ट्रोजेनपेक्षा कितीतरी दुबळे. पण सोयाबीन खाणाऱ्याच्या रक्तात त्याचे प्रमाणही कितीतरी जास्त. जेवणातल्या सोयाबीनला घाबरायचे कारण नाही, जपानी स्त्रिया ते पिढ्यान्‌पिढ्या खात आल्या. गोळीतल्या दाट अर्काची गोष्ट निराळी. शतावरीवर तर माणसांत झालेले अभ्यास थोडे आणि लहान आहेत.

परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊन पालघरला परतलेली, टॅमॉक्सिफेन घेणारी बाई डोळ्यांसमोर आणा. स्तनातल्या पेशींपर्यंत इस्ट्रोजेनचा निरोप पोचू नये, एवढ्यासाठीच ते औषध. ‘दुसरे काही घेता का?’ असे डॉक्टरांनी विचारले, की ती ‘नाही’ म्हणते. झाडपाल्याला ती औषध मानतच नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची रसायने बनतात. अशा रसायनांतून नवे औषध आणायचे तर माणसांवर चाचण्या लागतात. ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला तशा लागत नाहीत. त्यांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम १७० हा २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये केंद्रानेच तो वगळण्याची अधिसूचना काढली. निदान गोळीत अर्क किती, आणि कर्करुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे, या दोन ओळी वेष्टनावर ठळक मराठीत छापायला कुणाची हरकत नसावी.