विंचवाचे बिऱ्हाड आणि डिझेलचा हिशेब

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपणां बदलीच्या नोकरदारांना इतक्या वेळा ऐकविली गेली आहे की तिच्यातला डंख केव्हाच बोथट झाला. परंतु ज्या कोणी ती प्रथम रचली, त्याने विंचवाचे बिऱ्हाड नीट पाहिले असले पाहिजे. विंचवी पाठीवर वाहते ती आपली पिले. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर ती वाहत नाही.

हे लिहिण्यास कारण घडले ते असे. वाराणसीत निरनिराळ्या केंद्रीय कचेऱ्यांत काम करणाऱ्या आम्हां काही महाराष्ट्रीय कुटुंबांनी अकरा वर्षांपासून दरमहा थोडी वर्गणी काढून एक निधी जमविला आहे. गेल्या महिन्याच्या बैठकीत काही उत्साही सभासदांनी सूचना मांडली की या निधीतून एक जुनी पिकअप घ्यावी, वेल्डिंगवाल्याकडून तिच्यामागे ओढावयाचा राहण्याजोगा ट्रेलर बनवून घ्यावा, आणि सभासदांनी पाळीपाळीने तो घेऊन गणपतीस, दिवाळीस गावी जावे. एरवी गया, प्रयाग, अयोध्या करावी. रेल्वेच्या आरक्षणाची कटकट नको, धर्मशाळेचे भाडे नको, बाहेरचे अन्न नको. आणि इंधन? 'इंजिन दमदार आहे, मागचा ट्रेलर हलका आहे, ॲव्हरेजमध्ये फार तर एकदोन किलोमीटरचा फरक पडेल,' असे एका गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितले, आणि बैठकीने माना डोलविल्या. मी त्या वेळी गप्प राहिलो. गप्प राहण्याची आम्हां कारकुनांस सवयच असते. कागद हाती आल्याखेरीज आम्हांस वाचा फुटत नाही. आता हा कागद हाती घेतला आहे.

प्रथम 'हलका' या शब्दाचा विचार करू. चार माणसांस झोपता येईल असा ट्रेलर, आत सामान आणि पाणी भरल्यावर, दीड टनाच्या आत राखणे कठीण. आता एक योगायोग पाहा. सातव्या वेतन आयोगानंतरच्या बदलीच्या नियमांत माझ्यासारख्या उच्च श्रेणी लिपिकास आपला घरसंसार नव्या ठिकाणी नेण्यासाठी जी वजनाची मर्यादा आहे ती १,५०० किलोची. म्हणजे कपाट, भांडी, गाद्या, पुस्तके आणि लग्नातला तो जड पाट धरून माझा सगळा संसार शासनाच्या लेखी दीड टनाचा. तो संसार मी जन्मात पाचसात वेळा हलवीन. आमच्या मित्रांस तेवढेच वजन दर गणपतीस वाराणसीहून पुण्यास न्यावयाचे आहे आणि परत आणावयाचे आहे!

परंतु वजन हा खरा शत्रू नव्हेच. सपाट रस्त्यावर टायरवर चालणाऱ्या दीड टनास ओढण्यास जोर लागतो तो साधारण अठरा किलोच्या ओढीइतका. खरा शत्रू वारा. पिकअपचा वाऱ्यास अडणारा दर्शनी भाग तीन चौरस मीटरच्या आसपास असतो. तिच्यामागे सव्वादोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच पेटी उभी केली की तो भाग साडेपाच चौरस मीटरवर जातो. ताशी ८० किलोमीटर वेगाने एकटी पिकअप वाऱ्याशी अडतीस-चाळीस किलोचा जोर खर्च करीत असेल, तर ट्रेलर जोडल्यावर तो सत्तरच्या पुढे जातो. टायरची ओढ त्यात मिळविली म्हणजे एकूण जोर साठबासष्टांवरून एकशे चौदाच्या घरात येतो. हा हिशेब ढोबळ आहे, मी अभियंता नाही. परंतु दुपटीच्या जवळ गेलेल्या ओझ्यास एकदोन किलोमीटरचा फरक पुरेल, असे कोणत्याही हिशेबनिसाने म्हणू नये.

शिवाय वाऱ्याचा हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० च्या ऐवजी १०० ने जावे तर तो दीडपटीहून अधिक होतो. ६० वर उतरावे तर थेट छपन्न टक्क्यांवर येतो. आमच्या उत्साही मित्रांच्या गाडीला ज्या एका उपायाने काही इंधन वाचविता येईल तो हाच: साठाच्या वर जाऊ नये. त्या एका संयमाने वरचा एकशे चौदाचा आकडा ब्यायशीपर्यंत खाली येतो. अमेरिकेत, जेथे हा छंद जोपासला गेला, तेथे वॅली बायम यांनी १९३६ साली आणलेला 'एअरस्ट्रीम'चा ट्रेलर विमानाच्या अंगासारखा गोलसर आणि गुळगुळीत होता, तो उगीच नव्हे; आणि त्याच देशाच्या कॅलिफोर्निया राज्यात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीस आजही ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. आमचा वेल्डिंगवाला जो ट्रेलर बनवील तो कपाटासारखा चौकोनी असेल, यात मला शंका नाही. परंतु साठाने जावयाचे म्हटले म्हणजे वाराणसी ते पुणे हे सुमारे चौदाशे किलोमीटरचे अंतर, थांबे धरून, तीन दिवसांचे होते. दहा दिवसांच्या रजेतले सहा दिवस रस्त्यावर घालवून गावी जाणे, यास गावी जाणे म्हणावे काय?

आता ऐकीव सोडून अनुभवाचे सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या एका सहकाऱ्याची बदली जबलपुरास झाली. त्यांची स्वतःची पिकअप होती, आणि सामानासाठी त्यांनी एक ट्रेलर मिळविला. सोबतीस मी गेलो. मिर्झापूर, रीवा, कटनी असा तो रस्ता. एके काळी वाराणसीहून निघून नागपूरवरून थेट कन्याकुमारीस जाणाऱ्या २,३६९ किलोमीटरच्या जुन्या सात क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा तो पहिला टप्पा. २०१० च्या नव्या क्रमांकांत त्या मार्गाचे तुकडे झाले. मी सवयीप्रमाणे वहीत नोंदी ठेवल्या. जाताना ४३८ किलोमीटरला ५८ लिटर डिझेल लागले. ट्रेलर जबलपुरासच ठेवून, रिकाम्या पिकअपने मी आणि त्यांचा भाऊ परतलो, तेव्हा त्याच अंतरास ३६ लिटर. म्हणजे लिटरला साडेसात आणि लिटरला बारा. येथे प्रतिपक्षास न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की येताना पिकअपच्या हौद्यात सामान नव्हते, आणि जबलपूर वाराणसीहून तीनशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने जाताना चढ होता. त्या चढाचे लिटर-सव्वा लिटर वजा करा, सामानाचे आणखी दोन वजा करा. तरी 'एकदोन किलोमीटरचा फरक' कोठेच बसत नाही.

पुण्याच्या येण्याजाण्याच्या अठ्ठावीसशे किलोमीटरांस हा फरक सुमारे १४० लिटरांचा होतो. डिझेल लिटरला नव्वद रुपयांच्या आसपास धरले तर केवळ ट्रेलर ओढण्याचे साडेबारा हजार. पिकअपचे स्वतःचे इंधन, पथकर आणि टायरची झीज निराळीच. चार माणसांची महानगरीची शयनयान वर्गाची येण्याजाण्याची तिकिटे या वाढीव पैशांतच निघून वर काही उरते. आणि ज्यांना रजा प्रवास सवलतीचा भरवसा वाटत असेल त्यांनी १९८८ चे नियम पुन्हा उघडावेत: स्वतःच्या, मागून आणलेल्या किंवा भाड्याच्या खासगी मोटारीने केलेल्या प्रवासाचा परतावा त्यांत सर्वसाधारणपणे बसत नाही. हे मी रोज कोणाला तरी सांगत असतो.

इंधनाचे पैसे गेले तर गेले. परंतु त्या प्रवासात ड्रमंडगंजच्या घाटात इंजिन तापून आम्हांस दोनदा उभे राहावे लागले, आणि मैहरच्या पुढे जे घडले ते मी अद्याप विसरलो नाही. उताराचा मोकळा रस्ता होता. काटा पंच्याऐंशीवर होता. शेजारून एक मोठा ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी जरासा हलला, मग डावीकडे, मग उजवीकडे, आणि प्रत्येक झोक्यास पिकअपचे मागले अंग त्याच्याबरोबर ओढले जाऊ लागले. माझ्या सहकाऱ्यांची आई मागल्या आसनावर होती. तिने काही विचारले नाही. फक्त पुढच्या आसनाची पाठ दोन्ही हातांनी धरली. सहकारी शहाणे, त्यांनी ब्रेक दाबला नाही, चक्र घट्ट सरळ धरून केवळ वेग उतरू दिला. पुढल्या ढाब्यावर उतरून पाहिले तर शीतकपाट आणि धान्याचे डबे ट्रेलरच्या अगदी मागे रचलेले. गावाकडच्या कोणत्याही गाडीवानाने हे पाहताच सांगितले असते की गाडी उलाळ झाली आहे. बैलगाडी उलाळ झाली म्हणजे जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. धुरजड झाली म्हणजे तेच जू माने मोडते. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या एकूण वजनाचा सुमारे एक-दशांश किंवा थोडा अधिक भार पुढच्या आकड्यावर पडला पाहिजे, आणि जड वस्तू चाकांच्या लगत, तळाशी हव्यात. आम्ही तासभर सामान पुन्हा रचले. त्यानंतर साठाच्या वर काटा गेला नाही.

आता मला सांगा, पाळीपाळीने नेल्या जाणाऱ्या या सामायिक ट्रेलरचे सामान प्रत्येक वेळी कोण रचणार? त्याच्या टायरांत वारा किती, ब्रेक आहेत की नाहीत, हे कोण पाहणार? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर ही निराळी व्याख्या आहे आणि त्याची निराळी नोंदणी लागते. वेल्डिंगवाल्याने जोडलेल्या पेटीची ती कोण करून घेणार, आणि विमा कोणाच्या नावे? सामायिक वस्तूची काळजी कशी घेतली जाते हे आमच्या कचेरीतील सायकल-स्टँडवरच्या पंपास विचारावे.

रेल्वेबद्दलचा त्यांचा राग मात्र खोटा नाही. दिवाळी-छठच्या दिवसांत येथून पश्चिमेकडचे तिकीट मिळविणे म्हणजे तपश्चर्या. आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आली, तरी खिडकी उघडताच जागा संपतात. पुण्याची ज्ञानगंगा आठवड्यातून एकदाच. याबद्दल आपण एकत्र येऊन अर्ज करू, खासदारांस भेटू. त्या कागदावर पहिली सही माझी. परंतु रुळावरचे पोलादी चाक टायरच्या सुमारे एक-दशांश विरोधाने फिरते, हे सत्य गर्दीने बदलत नाही. आणि आपण राहतो कोठे? ज्या गावात १९६४ च्या जानेवारीत पहिले डिझेल इंजिन कारखान्याबाहेर पडले, लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ते देशास अर्पण झाले; ज्या कारखान्याने पुढे डिझेल इंजिने विजेवर आणली आणि २०१९ साली त्यांतील पहिल्यास येथेच हिरवा झेंडा दाखविला गेला; ज्याचे नावच २०२० साली डिझेल गाळून 'बनारस' झाले. त्या कारखान्याच्या भिंतीवरून रोज जाणाऱ्या माणसांनी एका कुटुंबाच्या झोपेसाठी साडेसातच्या ॲव्हरेजने डिझेल जाळण्याची योजना मांडावी, हे मला विचित्र वाटते.

काशीचा प्रवास आणि ओझे यांचा विषय निघाला म्हणजे मला वरसईचे विष्णुभट गोडसे आठवतात. १८५७ साली घर सोडून ते उत्तरेत गेले, बंडाच्या धामधुमीत लुटले गेले, आणि शेवटी आईवडिलांसाठी काशीहून गंगेची कावड घेऊन पायी परतले. कावड म्हणजे तोललेले ओझे: पुढे जितके, तितकेच मागे, आणि खांद्यास झेपेल तितकेच. त्यांच्या जागी आमच्या बैठकीतील एखादे सभासद असते तर त्यांनी गंगेचा घाटच मागे बांधून घेतला असता.

ही थट्टा झाली. आता जे बोलावयास मला संकोच वाटतो ते बोलतो. या निधीचा मी ऋणी आहे. पाच वर्षांपूर्वी रात्री साताऱ्याहून वडिलांच्या प्रकृतीचा निरोप आला. महिनाअखेर होती. सकाळी सहास चिटणीस माझ्या दारी पैसे घेऊन उभे होते, आणि बाबतपूरहून पहिल्या मिळेल त्या विमानाने मी निघालो. वडील मला ओळखण्याइतके सावध होते. दीड दिवसाने गेले. रेल्वेने निघालो असतो तर मी दहाव्यास पोहोचलो नसतो असे नाही, पण त्यांच्याशी बोललो नसतो. त्यानंतर याच निधीने आणखी तीन घरांची अशी वेळ सांभाळली. तो पिकअपच्या हौद्यात आणि ट्रेलरच्या पत्र्यात अडकला, तर पुढल्या रात्री ज्याच्या दारी निरोप येईल त्यास आपण काय देणार? किल्ली?

हौस ज्यांना आहे त्यांनी आपल्या पैशाने पुरवावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारवान पर्यटनाचे धोरण आणले आहे. रजा घेऊन कोकणात जावे, दोन दिवस भाड्याची कारवान घ्यावी, समुद्रकाठी मुलांस झोपवावे. त्यात मला काही वावगे दिसत नाही. कदाचित मीही येईन.

पुढील बैठक संक्रांतीनंतरच्या रविवारी आहे. माझा लेखी विरोध, जबलपूरच्या प्रवासाच्या वहीतील दोन पानांच्या नकलेसह, मी चिटणिसांकडे दिला आहे. ज्या सभासदांची अन्यत्र बदली झाली आहे परंतु वर्गणी अद्याप चालू आहे, त्यांनाही या प्रश्नावर मत आहे; त्यांनी ते पत्राने कळवावे.