दोन जागा

कोचीच्या विमानतळावर आधी पिशवीचं वजन झालं, मग माझं. मे 1989चा पहिला आठवडा. मी एकवीस वर्षांचा, मित्राबरोबर रत्नागिरीहून ‘केरळ बघायला’ निघालेला. घरी तेवढंच सांगितलं होतं. तेव्हा कोचीचा विमानतळ विलिंग्डन बेटावर, नौदलाच्या आवारात होता. काट्याजवळच्या माणसानं वहीत 52 आणि 7 असे दोन आकडे मांडले आणि मला डावीकडची तिसरी खुर्ची दिली. छोट्या विमानात कुणी कुठं बसायचं ते वजनावर ठरतं, हे मला तिथं कळलं.

अगत्तीची धावपट्टी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याआधी लक्षद्वीपला जायचं ते बोटीनं. मित्राच्या मामांच्या ओळखीतून आम्हांला परवाना मिळाला आणि विमानाचं नाव ऐकल्यावर बोटीचा विचारच मागं पडला. पावसाळा तोंडावर आलेला. घरी विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही.

विमान डॉर्निअर 228. कानपूरला बांधलेलं, दोन पंख्यांचं, 19 आसनांचं. आत आम्ही मात्र अकराच जण. कारण साधं होतं. कोची ते अगत्ती साधारण 460 किलोमीटर नुसतं पाणी आणि लक्षद्वीपच्या 36 बेटांत धावपट्टी एकट्या अगत्तीला. तिथं उतरता आलं नाही तर परत मुख्य भूमीच गाठायची. म्हणून परतीचं इंधन बरोबर न्यायचं आणि तेवढ्या वजनाची माणसं खाली ठेवायची. हे सगळं शेजारच्या खुर्चीतल्या, अगत्तीच्या शाळेत हिंदी शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं. मला ते ऐकून आणखीच स्फुरण चढलं.

तासाभरानं समोर मळभ दिसलं. वैमानिक आणि आमच्यामध्ये दार नव्हतं, त्यामुळं त्यांच्या काचेवर आपटणारा पाऊस आम्हांलाही दिसत होता. विमान खाली खाली गेलं, खिडकीतून फेसाची पांढरी रेघ दिसली, माडांचे शेंडे दिसले, आणि एकदम इंजिनं ओरडली. आम्ही पुन्हा ढगात. पोटातलं सगळं घशाशी आलं. मास्तर ओठातल्या ओठात प्रार्थना म्हणत होते. सहवैमानिकानं मागं वळून एक बोट दाखवलं. आणखी एकदाच. त्या घिरटीत मला आई आठवली नाही, देव आठवला नाही. मी कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नाही, एवढं एकच डोक्यात फिरत राहिलं.

दुसऱ्या खेपेला उतरलो. धावपट्टी 1200 मीटरची, बेटाच्या दक्षिण टोकाला, दोन्ही बाजूंना पाणी. चाकं टेकली तरी खिडकीत समुद्रच होता.

हल्ली भाची मोबाइलवर तिथलं निळं पाणी दाखवते आणि ‘काय भारी आहे ना’ म्हणते. आहेच. प्रवाळाच्या कड्याआतलं ते उथळ पाणी मी अजून विसरलेलो नाही. पण मला जास्त आठवतात ती माणसं. कुप्प्या म्हणजे ट्यूना धरायला गेलेल्या होड्या हंगामाच्या शेवटी किनाऱ्यावर ओढल्या जात होत्या, बायका सोडण भिजवून काथ्या वळत होत्या. माड, झाप, काथ्या हे सगळं आमच्या घरचंच. भाषा तेवढी कळत नव्हती. आम्ही मास्तरांच्या पडवीत झोपायचो.

तिसऱ्या दिवशी परतीचं विमान. आम्ही खुर्च्यांवर बसलो होतो. एवढ्यात धावपट्टीच्या कडेनं चार जण बाज उचलून धावत आले. बाजेवर एक बाई, दिवस भरत आलेले, अंगावर जात होतं. बेटावरच्या डॉक्टरांनी तिला कोचीला हलवायला सांगितलं होतं. ती, तिचा नवरा आणि परिचारिका अशा तीन जागा हव्या होत्या. वजनाचा हिशोब पुन्हा मांडला गेला. एक जागा निघाली. दोन कमी पडत होत्या. मास्तर शिडीवर चढून आले आणि आमच्याकडे बघत उभे राहिले.

मित्र आधी उठला. मुंबईत चौथ्या दिवशी त्याची नोकरीची मुलाखत होती. माझं कुठंच काही अडलं नव्हतं, तरी मी पट्टा धरून बसून होतो. किती वेळ? कदाचित दहा सेकंद. त्या दहा सेकंदांची मला आजही लाज वाटते. ज्या विमानात बसायला मी घरी खोटं बोललो, ते विमान त्या बेटावर कशासाठी येतं हे मला ती बाज दिसेपर्यंत सुचलंही नव्हतं. मी धाडस म्हणून एक जागा अडवली होती.

पुढचं विमान हवेमुळं आलंच नाही. नऊ दिवसांनी बोट आली. ती प्रवाळाच्या कड्याबाहेर नांगरून उभी; आम्ही लहान होडीतून उसळत्या लाटांवर तिच्या शिडीपर्यंत गेलो. निघताना त्या बाईची सासू किनाऱ्यावर आली होती. तिनं माडाच्या गुळाची एक पुरचुंडी माझ्या हातात दिली आणि दोन बोटं जुळवून दाखवली. मास्तर म्हणाले, बाळ आणि आई दोघं आहेत, कोचीहून निरोप आलाय. बोटीत चढताना कुणी वजन केलं नाही.

मित्राची मुलाखत हुकली. त्याबद्दल तो त्यानंतर कधी अवाक्षर बोलला नाही.

मी घरी पोचलो तेव्हा आई मागच्या दारी होती. सगळं सांगितलं, ढगातली घिरटीही सांगितली. ती ओरडेल म्हणून मी थांबलो. तिनं पुरचुंडी सोडली, गुळाचा खडा जिभेवर ठेवला.

“माडाचा आहे,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, “इतके दिवस कुणाच्या घरी जेवत होतास?”