खुंटी आधी, दिवा नंतर

पलंगाच्या उशाशी वापरायचा दिवा आणि त्याला टांगण्यासाठी काढता-घालता येईल असा आधार, या विषयावर वाचकांकडून मागवलेली रेखाटने गेला आठवडाभर आमच्या लांब टेबलावर पसरलेली आहेत. येता-जाता मी ती चाळते आहे. हात चांगले आहेत आणि काहींची कल्पकता पाहून आनंदही झाला. पण बहुतेक कागदांत एक गोष्ट सारखीच दिसली. शेडची वळणे, कडा, रंग, आतली चकाकी हे सगळे जीव लावून काढलेले, आणि दिवा जिला अडकणार ती खुंटी कोपऱ्यात दोन रेघांत उरकलेली. काहींनी तिथे बाण काढून नुसते 'स्टँडर्ड क्लिप' असे लिहिले आहे.

हे मला मनापासून खटकले. अशा दिव्यात खरे काम सांध्याचे असते. दिवा रात्री, अर्धवट झोपेत, एका हाताने, न बघता सुटला पाहिजे आणि तसाच परत बसलाही पाहिजे. शेड जराशी बेढब असली तर माणूस आठवड्याभरात तिला सरावतो. अडणारा सांधा मात्र रोज रात्री अडतो, आणि महिन्याभरात तो दिवा एका जागी कायमचा चिकटून बसतो. मग तो काढता येतो या म्हणण्याला काही अर्थ राहत नाही.

काढता यायला तरी का हवा? आपल्या शहरांतली निम्मी उत्तरे भाडेकरारात आहेत. करार अकरा महिन्यांचा, भिंतीला भोक पाडले तर डिपॉझिटमधून पैसे कापले जाणार, आणि पुढच्या घरातला पलंग वेगळाच. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये साइड टेबल मावत नाही, म्हणून दिवा टांगावा लागतो. शिवाय रात्री उठून मोरीपर्यंत जायचे असते, वीज गेलेली असते, शेजारी कोणी नुकतेच झोपलेले असते. तेव्हा माणसाला खोलीभर उजेड नको असतो, हातात मावेल एवढाच हवा असतो. पूर्वीचा साठ वॅटचा बल्ब लावलेले डोके हातात धरणे शक्यच नव्हते, चटका बसायचा. एलईडीने ती अडचण दूर केली आहे. त्यामुळे आज उशाचा दिवा उचलून नेण्याजोगा न करणे हे मला राहून गेलेले काम वाटते.

आपल्या घरांना ही कल्पना नवीन नाही. लामणदिव्याची साखळी आकड्यात अडकवलेली असते. तेल घालायला तो खाली घेतला जातो आणि परत टांगला की वाटी आपल्या वजनानेच समतल होते, तेल सांडत नाही. त्याच्या आकड्याला ना स्प्रिंग, ना खटका. समईचे तुकडे आट्यांनी एकमेकांत बसतात आणि चिंचेने घासायला ती पूर्ण सुटी होते. पण आटे फिरवायला दोन्ही हात लागतात. वर्षातून काही वेळा सोडवायच्या वस्तूला ते ठीक, रोज रात्री सोडवायच्या वस्तूला नाही. आणि कंदील. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी वापरला किंवा आजोळी पाहिला, त्यांनी त्याची तारेची कडी आठवून पाहावी. खुंटीला टांगताना ती वर उभी राहते, जमिनीवर ठेवला की आपोआप बाजूला पडते आणि गोठ्यात जाताना तीच मूठ होते. एका तारेत तीन कामे, आणि हरवेल असा सुटा भाग एकही नाही. रेखाटन पाठवणाऱ्यांपैकी कोणीही कंदिलाचा उल्लेख केला नाही याचे मला वाईट वाटले.

आता पलंगाकडे येऊ. बाजारातला बहुतेक हेडबोर्ड अठरा-एकोणीस मिलिमीटरच्या प्लायचा, वर एक मिलिमीटरचा सनमायका आणि कडेला बीडिंग. यावर पकड बसवायची. समजा दिवा ३५० ग्रॅमचा आहे आणि दांडी पकडीपासून ३० सेंटिमीटर पुढे येते. दांडीचे वजन सोडले तरी मोमेंट, म्हणजे पकडीला फिरवू पाहणारा जोर, सुमारे एक न्यूटन-मीटर होतो. पकड प्लायवर ५ सेंटिमीटर खोल उतरत असेल तर तिच्या वरच्या आणि खालच्या टेकूवर साधारण २० न्यूटन, म्हणजे दोनेक किलोचा जोर येतो. दिसायला नाजूक हवी म्हणून पकड अडीच सेंटिमीटरची केली की तोच जोर दुप्पट. आणि हे दिवा नुसता लटकत असताना. एखाद्या मुलाने दांडीचे टोक पाच किलोच्या जोराने खाली ओढले, तर त्या पाच सेंटिमीटरच्या पकडीवर ३०० न्यूटनच्या आसपास, जवळजवळ तीस किलोचा जोर येतो. तिथे सनमायकाची कड उडते किंवा पकड सटकते आणि दिवा खाली येतो. खाली कोणाचे तरी डोके असते.

हा अनुभव माझ्या घरातला आहे. वडिलांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यानंतर त्यांना रात्री वाचता यावे म्हणून मी एक नमुना केला होता. पकडीला रबर लावले होते, स्क्रूने आवळायची सोय होती आणि कार्यशाळेतल्या फळीवर तो नमुना दोन महिने हलला नव्हता. पण ती फळी कच्च्या प्लायची होती, वडिलांचा पलंग गुळगुळीत सनमायकाचा. बटण शेडवर होते. ते दाबायला त्यांनी हात वर केला की दर वेळी पकड जराशी फिरायची. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री दिवा त्यांच्या चष्म्यावर पडला. डोळ्याला काही झाले नाही. ती चूक संपूर्णपणे माझी होती. बटणाचा दाब दांडीच्या टोकावर, म्हणजे पकडीपासून सर्वांत लांब, येणार आहे हे मी मोजलेच नव्हते. मारिआने ब्रांट यांनी १९२८ मध्ये हिन ब्रेडेनडीक यांच्यासह कांडेम कंपनीसाठी उशाचा जो दिवा केला, त्याचे बटण खाली बैठकीवर ठेवलेले आहे. अंधारात हात आधी तिथेच जातो आणि दाब सरळ टेबलावर उतरतो. तो दिवा मी कितीदा चित्रांत पाहिला होता. बटण खाली असण्याचे कारण मला चष्मा फुटल्यावर उमगले.

म्हणून माझे म्हणणे असे की पकड आणि सांधा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. पकड पलंगाला एकदाच, नीट, हत्याराने आवळून बसवावी आणि तिला विसरून जावे. रोज सुटणारा सांधा तिच्यापासून स्वतंत्र असावा, आणि तो ओढाताणीत पकडीच्या आधी सुटावा. दोनेक किलोच्या ओढीने दिवा ओढणाऱ्याच्या हातात यावा, पलंगाची कड उखडू नये. दिवा आपणहून निसटलाच तर त्याला धरून ठेवणारी एक आखूड दोरी हवी. रिचर्ड सॅपर यांच्या १९७२ च्या टिझिओ दिव्यात सांधे प्रेस बटणासारखे बसतात, आणि दिवा पडला तर मोडण्याऐवजी सांध्यात सुटतो. तो टेबलावरचा दिवा आहे, तरी हा विचार पलंगासाठी जास्तच मोलाचा आहे.

सांधा कोणता, हा प्रश्न आलेल्या बहुतेक रेखाटनांनी लोहचुंबकावर सोपवला आहे. चुंबक जवळ नेला की आपोआप बसतो, हाताला ते सुख वाटते, हे खरे. पण चुंबकाची जी ताकद डब्यावर छापतात ती सरळ ओढण्याची असते. उभ्या पृष्ठभागावर दिवा खाली घसरू पाहतो. तिथे घर्षणाच्या जोरावर तो धरला जातो आणि ताकद पाचव्या हिश्शापर्यंत उतरते. त्यामुळे खाली आधाराची कड दिलीच पाहिजे, चुंबकाने फक्त दिव्याला जागेवर ओढून घ्यावे. दुसरे असे की पेसमेकर बसवलेल्या माणसापासून जोरदार चुंबक किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवायचा असतो, आणि उशाचा दिवा झोपेत छातीशी धरला जाऊ शकतो. वयस्कांसाठी दिवा करत असाल तर चुंबक दिव्यात नको, खुंटीत ठेवा आणि दिव्याला लोखंडी चकती लावा. पिन होल्डरसारखा दाबून फिरवायचा सांधा आपल्या हातांना ओळखीचा आहे, पण अंधारात खाचा जुळवाव्या लागतात. भिंतीवरच्या घड्याळामागे असते तशी किल्लीच्या भोकासारखी खाच स्वस्त पडते, आणि ती न बघता कधीच एका फटक्यात बसत नाही. हे ज्याने घड्याळाचा सेल बदलला आहे त्याला सांगायला नको.

माझा कल निमुळत्या खुंटीकडे आहे. वर अरुंद, खाली रुंद असा शंकू, आणि दिव्याच्या पाठीत तशीच पोकळी. वरून सोडला की वजनानेच तो मध्यावर येतो आणि वर उचलला की सुटतो. शंकूचा कोन फार लहान घेतला तर तो अडकून बसतो, म्हणून सात-आठ अंशांच्या खाली जाऊ नये. मिकेले दे लुक्की आणि जानकार्लो फासिना यांचा १९८७ चा तोलोमेओ तोच दिवा बैठकीवर, टेबलाच्या पकडीवर किंवा भिंतीवरच्या आधारावर बसवू देतो. आधार बदलतो, दिवा बदलत नाही. आपल्याकडे ही शिस्त आली तर भाडेकरूला घर बदलताना फक्त पकड बदलावी लागेल.

इथे एक पेच आहे, आणि त्यावर रेखाटनांत फारसा विचार दिसला नाही. उभा राहणारा दिवा खाली जड हवा, नाहीतर कलंडतो. टांगायचा दिवा हलका हवा. दोन्ही एकाच वस्तूकडून मागायचे असेल तर वजन जागा पाहून ठेवावे लागते. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा १८६५० सेल बहुतेकांनी घेतला आहे. तो शेडमध्ये न ठेवता मुठीच्या तळाशी ठेवा. टांगल्यावर तो पकडीच्या जवळ येतो आणि मोमेंट घटतो. टेबलावर ठेवल्यावर तोच बूड होतो. २६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये नऊ वॅट-तासांच्या वर ऊर्जा असते. एक वॅटचा एलईडी त्यावर सात-आठ तास सहज चालेल.

एक वॅट पुरतो का, असे विचारणारे पत्र दर वेळी येते. हिशेब करून पाहा. पन्नास सेंटिमीटरवरच्या पानावर ३०० लक्स हवे असतील तर ७५ कँडेला लागतात. ३६ अंशांच्या झोतात तेवढी तीव्रता भरायला पंचवीसेक लुमेन पुरतात. भिंगातली गळती धरा, साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच प्रकाश पोहोचतो हे धरा, तरी शंभरच्या आसपास थांबता येते. मात्र तोच दिवा सत्तर सेंटिमीटरवर गेला की पानावरचा उजेड निम्मा होतो. तेव्हा टेबलावर ठेवलेल्या दिव्याकडून वाचनाची अपेक्षा धरू नये. तिथे त्याचे तोंड भिंतीकडे वळावे आणि खोलीत मऊ उजेड पसरावा.

खुर्चीत बसलेला माणूस दिव्याच्या वर किंवा बाजूला असतो, पलंगावर पडलेला माणूस दिव्याखाली असतो. ही एकच गोष्ट उशाच्या दिव्याला टेबललॅम्पपासून वेगळे करते. तक्क्याला टेकून वाचताना डोळे गादीपासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर असतात, उशीवर डोके टेकले की पंधरा-वीसवर येतात, आणि तिथून वर पाहिले तर एलईडीचा बिंदू थेट डोळ्यांत शिरतो. एलईडी शेडच्या आत खोल बसवा, आतली बाजू काळी करा आणि स्वतः पलंगावर आडवे होऊन तपासा. शेजारच्या उशीवरूनही तपासा, कारण त्या बाजूला झोपलेल्या माणसाला विचारून आपण दिवा लावत नाही. रंग २७०० केल्विनच्या वर नेऊ नका, वर गेले की निळा अंश वाढतो. शरीराला दिवस असल्याचे सांगणाऱ्या डोळ्यातल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाने सर्वांत जास्त चाळवतात.

वायरबद्दल थोडक्यात. उशाशी लोंबणाऱ्या जुन्या बेड स्विचमध्ये २३० व्होल्ट असायचे, आणि पिढ्यान् पिढ्या मुलांनी तो तोंडात घातला आहे. तो काळ सरला. ॲडॉप्टर भिंतीशीच राहू द्या, पलंगापर्यंत फक्त पाच व्होल्ट येऊ द्या. चार्जिंगचे संपर्क खुंटीतच असले तर दिवा टांगला की भरू लागेल, आणि माणसाला अंधारात आणखी एक पिन शोधावी लागणार नाही.

आता रिकाम्या खुंटीबद्दल. एकाही रेखाटनात दिवा काढून नेल्यावर मागे काय उरते ते दाखवलेले नाही. डोक्यापासून वीतभर अंतरावर एक टोकदार आकडा उघडा राहणार असेल, तर मध्यरात्री उठणारा त्यावर कपाळ आपटेल. खुंटीचे टोक गोल हवे, बोटाच्या पेराएवढे जाड हवे. माझ्या दुसऱ्या नमुन्यात शंकू पितळी आणि बारीक होता. तो पाहून वडील म्हणाले, "अगं, हा परत अडकवायला मला आधी दुसरा दिवा लावावा लागतो." त्यांच्या या एका वाक्यावरून मी टोकाला अर्ध्या सेंटिमीटरचा, अंधारात मंद चमकणारा ठिपका दिला आणि पोकळीचे तोंड रुंद केले. तिसरा नमुना दीड वर्ष त्यांच्या पलंगाला आहे. पहाटे ते दिवा घेऊन स्वयंपाकघरात जातात आणि जाताना तो चष्मा खुंटीला अडकवून ठेवतात, असे मला हल्लीच दिसले. चष्म्याची दांडी शंकूवरून घसरते. चौथ्या नमुन्यात तिथे एक उथळ खाच करते आहे.