ध्रुवावरची उंची, वाशीची भरती

नवी मुंबई आणि अंटार्क्टिका यांचे नाते जुने आहे. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ तिथल्या भारतीय ‘मैत्री’ तळावर वर्षानुवर्षे निरीक्षणे घेत आले आहेत. आता अंटार्क्टिकाच्या बर्फाची उंची आपल्या नगरनियोजनात यायला हवी.

ध्रुवावर सहा महिने रात्र आणि एरवी ढग, त्यामुळे कॅमेरे हतबल ठरतात. रडारचे तसे नाही. उपग्रह लहरी सोडतो, प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून पृष्ठभागाची उंची कळते. यातही मेख आहे: लहर कोरड्या हिमात शिरते आणि उंची प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. इस्रो आणि फ्रान्सने २०१३ मध्ये सोडलेल्या ‘सरल’ उपग्रहावरील केए-बँड उंचीमापकाच्या लहरी आखूड, म्हणून हिमात कमी शिरणाऱ्या. ही मोलाची कामगिरी आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊकच नाही. जुलै २०२५ मध्ये झेपावलेला ‘निसार’ उपग्रह बर्फाची हालचाल टिपतो. अंटार्क्टिका अधिक दिसावी म्हणून तो डावीकडेच पाहतो.

या बर्फाची उंची घटते तेव्हा त्याचे पाणी समुद्रात जाते. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. तसे उद्या होणार नाही, पण नवी मुंबईला काही सेंटिमीटरही जड जातील. खाडीकाठी भराव घालून वसवलेल्या या शहरात भरतीच्या वेळी खाडीकडच्या झडपा मिटतात आणि पावसाचे पाणी धारण तलावांत थांबते. समुद्र चढला की झडपा अधिक काळ बंद राहणार. म्हणून सिडको आणि महापालिकेने तलावांची क्षमता समुद्रपातळीच्या नव्या अंदाजांवर पुन्हा मोजावी, गाळ काढावा, आणि तोवर पाणथळ जागांवर एकही नवे बांधकाम मंजूर करू नये.