तक्रार हाच आजार?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एक लहानसा कायदा झाला. ‘स्टॉप इन्स्टिट्यूशनल चाइल्ड अब्यूज अॅक्ट’ हे त्याचे नाव. किशोरवयीन मुलांना ‘सुधारण्यासाठी’ ठेवून घेणाऱ्या निवासी संस्थांचा देशपातळीवर अभ्यास व्हावा, एवढेच तो मुख्यतः सांगतो. बंदी नाही, दंड नाही; अभ्यास. तरीही तो मंजूर झाला तेव्हा या संस्थांतून बाहेर पडलेली आणि आता चाळिशी-पन्नाशीला टेकलेली माणसे ढसाढसा रडली. आपल्यावर कोणीतरी विश्वास ठेवला, याचेच त्यांना अप्रूप होते.

‘थेरप्युटिक बोर्डिंग स्कूल’ म्हणजे शाळा आणि मानसोपचार एकाच छताखाली. शाळा बुडवणारा, गांजा ओढणारा, महिनोन्‌महिने खोलीचे दार न उघडणारा मुलगा किंवा हातावर ब्लेडने ओरखडे काढणारी मुलगी तिथे वर्ष-दीड वर्ष राहते. माहितीपत्रकावर डोंगर, घोडे आणि हसरे चेहरे असतात. ‘प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र उपचार-आराखडा’ हे वाक्यही बहुधा असतेच. खर्च महिन्याला हजारो डॉलर. अर्जावर सही करणारे आईबाप निष्ठुर नसतात. मूल रात्री घरी परतेल की पोलिसांचा फोन येईल, या धास्तीत त्यांनी कित्येक रात्री काढलेल्या असतात.

या संस्थांचे मूळ मात्र रुग्णालयात नाही. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स डिडरिक यांनी ‘सिनॅनन’ हा व्यसनी माणसांचा गट सुरू केला. तिथला मुख्य ‘उपचार’ असा, की सगळ्यांनी गोल करून बसायचे आणि एकेकाला शिव्या देत, त्याचे दोष काढत, तो मोडेपर्यंत सोलून काढायचे. १९६७ मध्ये मेल वॉसरमन यांनी त्याच धर्तीवर किशोरांसाठी ‘सीडू’ ही शाळा काढली. वॉसरमन मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. तिथे तयार झालेल्या माणसांनी पुढे आपापल्या शाळा काढल्या आणि पद्धत एका संस्थेतून दुसरीत झिरपत गेली. प्रौढ व्यसनींसाठी, तेही कसल्याच पुराव्याशिवाय, बेतलेली गोष्ट चौदा वर्षांच्या मुलांच्या गळी उतरली.

म्हणून ‘स्वतंत्र आराखडा’ हे शब्द तपासून घ्यावे लागतात. अशा अनेक संस्थांत प्रत्यक्षात सगळ्यांसाठी एकच शिडी असते. आज्ञा पाळली की एक पायरी वर, उलट उत्तर दिले की दोन पायऱ्या खाली. घरी फोन करणे, मित्राशी बोलणे, कधीकधी स्वतःचे बूटसुद्धा वरच्या पायरीवर गेल्यावरच मिळतात. आता वैद्यकीय बाजू पाहा. चिडखोर, उद्धट, अभ्यासात घसरलेला मुलगा नैराश्याने ग्रासलेला असू शकतो. या वयात नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसते. त्याला एडीएचडी किंवा कधीच न ओळखला गेलेला डिस्लेक्सिया असू शकतो. त्याच्यावर लैंगिक अत्याचार झालेला असू शकतो, आणि तो त्याने कोणालाही सांगितलेला नसतो. या चौघांचे औषधपाणी पूर्णपणे वेगळे. शेवटच्या मुलाला तर गोलात बसवून ‘कबूल कर’ म्हणून ओरडणे म्हणजे जखमेत मीठ चोळणे.

पण या व्यवस्थेतली सर्वांत घातक गोष्ट शिडी किंवा शिवीगाळ नव्हे. ती आहे पालकांना आधीच दिली जाणारी एक सूचना: मूल फोनवर रडेल, ‘इथे मारतात, घरी न्या’ म्हणेल, हे त्याचे डावपेच आहेत, भुलू नका. एकदा हे मनावर बिंबले, की तक्रार हेच आजाराचे लक्षण ठरते. मूल जितके जास्त विनवते, तितके ते जास्त आजारी! शरीराच्या दुखण्यालाही हाच न्याय लागतो. २००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने अशा ठिकाणी झालेले दहा मृत्यू बारकाईने तपासले. उष्माघात किंवा निर्जलीकरणाने कोसळणारे मूल ‘नाटक करते’ असे कर्मचाऱ्यांनी ठरवल्याचे त्यांतल्या काही प्रकरणांत आढळले. एकट्या २००५ या वर्षात ३३ राज्यांनी निवासी संस्थांतल्या गैरवर्तनात १,६१९ कर्मचारी गुंतल्याची नोंद केली होती, हेही त्याच अहवालात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या एका जंगल-शिबिरात बारा वर्षांचा मुलगा दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत दगावला. त्यानंतर राज्याने त्या शिबिराचा परवाना रद्द केला.

यातून निदान गुण तरी येतो का? धाक आणि कठोर शिस्तीवर चालणारे कार्यक्रम उपयोगी पडत नाहीत आणि काही वेळा अपाय करतात, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ मंडळाने २००४ मध्येच काढला. त्याआधी १९९९ मध्ये डिशियन, मॅकॉर्ड आणि पूलिन यांनी दाखवले होते, की वाट चुकू लागलेल्या मुलांना एकत्र ठेवले की ती एकमेकांकडूनच नवे उद्योग शिकतात. जुन्या मास्तरांना हे शोधनिबंधाविनाही ठाऊक होते. उलट, मुलाला घरात ठेवून आईवडील, शाळा आणि शेजार यांना सोबत घेऊन केलेल्या कौटुंबिक उपचारांचा पुरावा बराच भक्कम आहे.

काही मुलांना दाखल करावेच लागते. आत्महत्येचा धोका, खाणे सोडून हाडांचा सापळा झालेली मुलगी, तीव्र मनोविकार: इथे घरात थांबणे धोक्याचे. मात्र अशी भरती निदानानंतरची असते आणि ती कधी संपणार याचा अंदाज आधीच सांगितला जातो.

यूटा राज्यात अशा संस्थांचे जाळे मोठे. तिथल्या प्रोव्हो कॅन्यन स्कूलमध्ये किशोरवयात अकरा महिने काढलेल्या पॅरिस हिल्टन यांनी २०२१ मध्ये राज्याच्या सिनेट समितीपुढे साक्ष दिली. (शाळेची मालकी २००० साली बदलली, त्याआधीच्या काळाबद्दल बोलता येणार नाही, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे.) त्याच वर्षी झालेल्या कायद्याने वर्षाला चार तपासण्या सक्तीच्या केल्या आणि मुलाला दर आठवड्याला कुटुंबाशी खासगीत बोलण्याचा हक्क दिला. आईशी एकांतात बोलता यावे, यासाठी कायदा करावा लागला.

‘बोर्डिंगात टाकीन’ ही धमकी आपल्या घरांतही जुनीच आहे, आणि ‘मुलांना वळण लावून देतो’ म्हणणाऱ्या जाहिरातीही नव्या नाहीत. आपला कायदा मात्र या बाबतीत पुढे आहे, फक्त तो पालकांना माहीत नसतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चे कलम ८७ सांगते, की अल्पवयीन मुलाला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल करण्यापूर्वी दोन तज्ज्ञांनी, त्यांपैकी किमान एक मनोविकारतज्ज्ञ, त्याला स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. त्याला प्रौढ रुग्णांपासून वेगळे ठेवले पाहिजे. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण काळ त्याच्यासोबत राहिली पाहिजे. भरतीची खबर ७२ तासांत पुनर्विलोकन मंडळाला गेली पाहिजे. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराचे विकारही या कायद्याने मानसिक आजारात धरले आहेत, त्यामुळे मुलाला ‘व्यसनमुक्ती’साठी नेतानाही हेच विचारावे. ‘पहिले तीन महिने भेट नाही’ असे जिथे सांगतात, तिथून मुलाला घेऊन त्याच पावली परत फिरावे.

आणि संस्था शोधण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागाची बाह्यरुग्ण पायरी चढायला हरकत नाही. ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती असेल तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीतून बोलता येते. पालकांना, आणि मुलांनाही.