पक्षांच्या खर्चालाही लगाम हवा

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी राजकीय पक्षांना निनावी देणग्या देण्यासाठीचे निवडणूक रोखे एकमताने घटनाबाह्य ठरवले. कंपन्यांच्या देणग्यांवरील नफ्याच्या ७.५ टक्क्यांची मर्यादा उठवणारी २०१७ची दुरुस्तीही रद्द झाली. पण दुखणे संपलेले नाही. मोठ्या राज्यांत लोकसभा उमेदवाराला ९५ लाखांची खर्चमर्यादा आहे, त्याच्या पक्षाला मात्र कोणतीच नाही. या अमर्याद खर्चासाठी पक्ष मोठ्या देणगीदारांवर अवलंबून राहतात. त्यामुळे पैसेवाल्यांचे म्हणणे धोरण ठरण्याआधी ऐकले जाते आणि कांदा उत्पादकाला निर्यातबंदी लागू झाल्यावर रस्त्यावर उतरावे लागते. संसदेने पक्षांच्या खर्चावर मर्यादा घालावी आणि प्रत्येक मोठी देणगी मतदानापूर्वी जाहीर करणे बंधनकारक करावे. कोणाच्या पैशावर कोण लढतो, हे जाणून घेण्याचा मतदाराला पूर्ण हक्क आहे.