पासंग

तागडी हाती घेणारा व्यापारी माल तोलण्याआधी रिकामी पारडी पाहतो. एक पारडे झुकत असेल, तर दुसऱ्याला पासंग लावतो आणि मगच माप घालतो. दुकानातील तागडीबाबत इतका काटेकोर असलेला मी, घरातील एका देहाबाबत मात्र अनेक वर्षे चुकलो.

माझ्या पुतण्याचा डावा हात जन्मतःच कोपराच्या थोडा खाली संपतो. नगरच्या कापड बाजारातील आमच्या दुकानात तो येऊ लागला, तेव्हा मीच त्याला गल्ल्यावर बसविले. ताग्यांना हात लावू दिला नाही. हेतू मायेचा होता. परंतु सर्व कामे एकाच हातावर पडल्याने तिशीच्या आतच त्याचा उजवा खांदा दुखू लागला, आणि डाव्या बाजूचा खांदा व पाठ कृश राहिली. त्याने व्यायामशाळेचा विषय काढला, तेव्हा घरात दोनच उद्गार निघाले : "लोक पाहतील" आणि "वजन धरणार कशाने?" तो शांतपणे म्हणाला, "काका, पंजा वजन नुसते धरतो. उचलतात ते खांदा आणि पाठ. ते तर मला दोन्हीकडे आहेत."

याच विचारात साऱ्या उपायाचे मर्म आहे. व्यायाम सोडायचा नसतो. धरण्याची रीत बदलायची असते. व्यायामशाळेत घोट्याला बांधावयाचा रुंद, मऊ पट्टा असतो. तोच आखूड हाताला बांधून केबल मशीनच्या कडीला अडकविला, की ओढण्याचे व्यायाम करता येतात. हात बाजूला उचलण्यासाठी वाळूचे वजनपट्टे पुरतात. जोर काढताना आखूड हाताखाली गादी लावलेला भक्कम ठोकळा घेतला, तर दोन्ही खांदे एका पातळीत राहतात. बैठकांसाठी वजन हातात न घेता पाठीवरील पिशवीत घ्यावे. एका हातात वजन घेऊन ताठ चालले, तर कंबर व पोटाचे स्नायूही कामाला लागतात.

वजन किती घ्यावे, याचे उत्तर तागडीच्या दांडीतच आहे. हात आडवा धरला असता खांद्यापासून ६० सेंटिमीटरवरील २ किलो आणि ३० सेंटिमीटरवरील ४ किलो यांचा खांद्यावरील ताण सारखाच असतो. म्हणून दोन्हीकडील आकडे जुळविण्याचा अट्टहास नको. दोन्ही बाजूंना सारखेच श्रम जाणवावेत. आरंभ हलक्या वजनाने आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावा. पट्टा काढल्यावर त्वचा रोज पाहावी. लाली टिकून राहिली किंवा फोड दिसला, तर तेथे भार देऊ नये. शस्त्रक्रियेची जखम भरलेली नसेल, तर डॉक्टरांच्या अनुमतीपर्यंत थांबावे. श्वास रोखून वजन उचलू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात अपंगत्व असलेल्या प्रौढांनाही आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सुचविले आहेत.

हे बळ कोठवर जाते, हे पाहण्यास फार दूर जावयास नको. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी लहानपणी सायकलवरून पडले आणि त्यांचा डावा हात कायमचा अधू झाला. ते आधी भालाफेक करीत. खांद्याच्या दुखापतीनंतर गोळाफेकीकडे वळले. २०२३ आणि २०२४ साली ते आपल्या एफ४६ गटात जगज्जेते ठरले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यांनी १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळविले. सुवर्ण जिंकणारे कॅनडाचे ग्रेग स्टुअर्ट यांचा डावा हात जन्मापासूनच कोपराखाली नाही. त्यांचा गोळा १६.३८ मीटरवर पडला. गोळा एका हाताने सुटतो खरा. परंतु त्यामागे पाय, कंबर व पाठ यांचे साधलेले बळ असते.

आपला समाज या बाबतीत उदासीन आहे, असे नाही. जयपूर फूट गरजूंपर्यंत नेणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ साली जयपुरात स्थापन झाली. अशा कार्याला आपण सढळ हाताने देणगी देतो. परंतु परक्याला चालते करण्यासाठी थैली उघडणारे आपण, घरच्या मुलाला मात्र "तू बस, आम्ही करतो" असे म्हणतो. कृत्रिम अवयव दान देता येतो. तो पेलणारा स्नायू ज्याचा त्यानेच घडवावा लागतो, आणि त्यासाठी त्याला भार मिळावा लागतो.

पुतण्या आता आठवड्यातून तीन दिवस व्यायामशाळेत जातो. गेल्या लग्नसराईत दुकानात गर्दी होती. वरच्या फळीवरचा जाड तागा त्याने उजव्या हाताने ओढला, डाव्या हातावर तोलला आणि गिऱ्हाइकापुढे उलगडला. मी गल्ल्यावर होतो. सवयीने उठू लागलो. मग पुन्हा बसलो.